साडेचार लाख घालून लास वेगासला एक माणूस पाठवावा का?

तळजाईवाला (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. आमची पुण्यातली छोटी कंपनी, सगळे मिळून बावीस जण. गिऱ्हाइकं अमेरिकेतली, काम सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरांवर. यंदा मालकांनी शिक्षणासाठी म्हणून पाच लाख बाजूला काढलेत आणि मीटिंगमध्ये कुणीतरी पिल्लू सोडलं की वर्षाअखेरीला वेगासला रीइन्व्हेंट असतं, एकाला पाठवू या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवाल्यांची, वार्षिक जत्रा. २०१२ पासून भरते, जवळजवळ आठवडाभर चालते, साठेक हजार माणूस जमतं.

डॉलर ९० रुपये धरून हिशोब मांडला. २०२५ साली तिकीट २,०९९ डॉलर होतं, तेच धरलं, म्हणजे १ लाख ८९ हजार. मुंबईहून विमान जाऊन-येऊन सव्वा लाख. हॉटेल सहा रात्री, रोजचे १७० डॉलर धरले (त्यात ‘रिसॉर्ट फी’ आली, पोहायला जा न जा, तलावाचे पैसे द्यायचेच), ते ९२ हजार. व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर, म्हणजे पावणेसतरा हजारांच्या आत. खाणं, टॅक्सी, सटरफटर ३० हजार. बेरीज साडेचार लाखांच्या जराशी वर.

याच पैशांत सहा जण बंगळूरला पायकॉन इंडियाला (पायथन भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांची परिषद) जाऊन येतील आणि वर शिल्लक राहील. मालक म्हणतात तूच ठरव. मला खरंच ठरवता येत नाहीये. दोन्ही बाजूंनी झोडा.

रिकामटेकडा

यात ठरवायचं काय आहे? कीनोट, म्हणजे मुख्य भाषणं, थेट दाखवतात. मोठ्या हॉलमधली बहुतेक व्याख्यानं थोड्याच दिवसांत यूट्यूबवर येतात, फुकट. दीडपट वेगाने लावा, नको तिथे पुढे ढकला, चहा प्या. हे सगळं घरी मिळत असताना साडेचार लाख देऊन तेच ऐकायला तासन्‌तास विमानात बसणं याला आमच्याकडे हौस म्हणतात. हौस असेल तर तसं सांगा, हौसेला मोल नसतं. पण ‘शिक्षण’ म्हणू नका.

ॲपलचं बघा. डब्ल्यूडब्ल्यूडीसी या त्यांच्या प्रोग्रामरांच्या परिषदेचं तिकीट २०१९ पर्यंत १,५९९ डॉलर होतं आणि तेही लॉटरी लागली तर. २०२० साली करोनामुळे सगळं ऑनलाइन आणि फुकट केलं. त्यानंतर कुणा आयफोनवाल्या प्रोग्रामरचं अडलं का? तंत्रज्ञानाची पुस्तकं काढणाऱ्या ओरायलीने तर २०२० च्या मार्चमध्ये परिषदा भरवण्याचं दुकानच बंद केलं. आणि त्यांच्या परिषदांना जाणं म्हणजे एके काळी केवढी प्रतिष्ठा होती!

कमळी_क्लाउडची

मी दोनदा गेलेय, एकदा कंपनीच्या पैशाने आणि एकदा निम्मे स्वतःचे घालून. रिकामटेकडा म्हणतात ते व्याख्यानांपुरतं शंभर टक्के खरं. व्याख्यानं ऐकायला जाणार असाल तर जाऊ नका.

पण तिथे ‘चॉक टॉक’ नावाचा प्रकार असतो. लहान खोली, पुढे पांढरा फळा, ज्यांनी ती सेवा बांधली किंवा रोज चालवतात असे दोघे उभे. पंधरा-वीस मिनिटं ते बोलतात, उरलेला वेळ प्रश्न. याचं रेकॉर्डिंग होत नाही. वर्कशॉपांचंही होत नाही. खरा माल तिथे.

माझाच किस्सा सांगते. मी विचारायला गेले होते भलतंच, आमचं रात्रीचं एक काम का रखडतं ते. फळ्याशी उभ्या बाईंनी हिरवा मार्कर माझ्या हातात दिला, म्हणाल्या तुमचं नेटवर्क काढा. शंभरेक लोकांसमोर मी थरथरत्या हाताने चौकोन काढले. सर्व्हर खासगी सबनेटमध्ये (बाहेरून थेट पोचता न येणारा भाग), तिथून बाण नॅट गेटवेला (आतल्या सर्व्हरांचं बाहेर जायचं दार), तिथून बाण एस३ ला (ॲमेझॉनचं फाइलींचं कोठार). त्यांनी मार्कर परत घेतला, मधल्या चौकोनाला गोल केला आणि विचारलं, “महिन्याला इथून किती जातं?” मी म्हटलं, वीसेक टीबी. खोलीत हशा पिकला. मला कळेना का.

का ते सांगते. नॅट गेटवे त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीमागे पैसे घेतो, एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात साडेचार सेंट. वीस टीबीचे (म्हणजे वीस हजार जीबीचे) झाले ९०० डॉलर, दर महिन्याला, आणि तेही आपल्याच एस३ मधल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर आणायचे. एस३ साठी गेटवे एंडपॉइंट (एस३ ला जायची थेट आतली वाट) लावला की ती वाहतूक नॅटला बगल देऊन जाते आणि त्याचे पैसे शून्य. राउट टेबलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वाटांच्या यादीत, एक ओळ. हॉटेलवर परत येऊन रात्री अकराला मी तो लावला. महिन्याला ८१ हजार रुपये वाचले. तळजाईवाला, तुमचे साडेचार लाख सहा महिन्यांच्या आत वसूल.

रिकामटेकडा

ताई, किस्सा झकास. पण हे तर एडब्ल्यूएसच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं ठळक लिहिलेलं आहे! बिल नीट उघडून बघणारा एक माणूस वीस-पंचवीस हजारांत दोन दिवस बसवला असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. तुम्ही न वाचलेलं पान वेगासला जाऊन वाचून घेतलंत, एवढंच.

कमळी_क्लाउडची

अगदी बरोबर, न वाचलेलं. तीन वर्षं न वाचलेलं. आणि तुमचा तो वीस हजारांचा माणूस आम्ही तीन वर्षांत बसवला नाही, कारण आपलं काही चुकतंय हेच माहीत नव्हतं. डोकेदुखी असेल तर माणूस डॉक्टरकडे जातो. आम्हाला दुखतच नव्हतं.

आणि ‘घरी बसून बघा’चं म्हणाल तर २०२० चं रीइन्व्हेंट पूर्ण ऑनलाइन होतं. तीन आठवडे, फुकट. मी मोठ्या उत्साहाने नोंदणी केली. वेळ आपल्या रात्रीची. पहिल्या दिवशी दोन व्याख्यानं पाहिली, दुसऱ्या दिवशी एक लावलं तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. संपलं. ‘नंतर बघू’ म्हणून खुणा करून ठेवलेले व्हिडिओ अजून तसेच आहेत. तुमचे किती झाले बघून? खरं सांगा.

रिकामटेकडा

चार. (अर्धा अर्धा धरून.) पण हा माझ्या आळसाचा पुरावा झाला, वेगासच्या थोरवीचा नाही.

पंढरीचा_पाहुणा

विठोबा टीव्हीवरही दिसतो, तरी लोक वारीला चालत जातातच की.

ठाणेकर_ठसकेबाज

वारीला तिकीट नसतं हो. आणि वाटेत लोक पिठलं-भाकरी फुकट वाढतात. तिथे पाण्याची बाटली विकत घेऊन दाखवा.

बूथवरचा_बाबा

मी टेबलाच्या पलीकडचा. एका मॉनिटरिंगवाल्या कंपनीसाठी अशा परिषदांत बूथवर उभा राहतो, तेव्हा आमची बाजूही ऐका. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तुम्हाला मोजे, टी-शर्ट, ड्रोनची सोडत असं जे काही मिळतं, ते तुमच्या बॅजच्या स्कॅनच्या बदल्यात. आमच्या साहेबांना संध्याकाळी एकच आकडा हवा असतो: किती स्कॅन झाले. तुमचं नाव, हुद्दा, ईमेल आमच्या यादीत आणि पुढचे सहा महिने ‘पंधरा मिनिटं बोलू या का’च्या मेल. परिषद भरवणारा तुमच्याकडून तिकिटाचे पैसे घेतो आणि तुमच्यापर्यंत पोचू देण्याचे आमच्याकडून. तुम्ही गिऱ्हाईकही आणि मालही.

वाईट वाटून घेऊ नका, माझं पोट त्यावर आहे. फक्त जो जाईल त्याला सांगा की त्या हॉलमध्ये तासाभरापेक्षा जास्त रेंगाळू नकोस. मोजे मात्र चांगले असतात.

नाशिकची_द्राक्षं

मी बंगळूरच्या बाजूने. माझी पहिली परिषद पायकॉन इंडिया २०११, ती पुण्यात झाली होती. तेव्हा मी कॉलेजात होतो, वडिलांकडून पैसे मागून आलो होतो. व्याख्यानांतलं आज एक अक्षर आठवत नाही. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या माणसाने विचारलं, काय करतोस? मी घाबरत माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगितलं. त्याने ताट बाजूला ठेवून लॅपटॉप उघडायला लावला आणि आमचा वरण-भात गार होईपर्यंत कोड वाचला. दोन वर्षांनी त्याच्याच ओळखीतून पहिली नोकरी लागली.

साठ हजारांच्या गर्दीत हे होतं का? होत असेल, पण तिथे रांगेतला पुढचा माणूस ओहायोतल्या विमा कंपनीचा असणार. त्याची तुमची परत गाठ कधी? बंगळूरला भेटलेला पुन्हा भेटतो, त्याला फोन करता येतो. कार्यक्रम स्वयंसेवक भरवतात, माल विकायची घाई नसते. हेच हवं तर फोसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद बघा. ब्रुसेल्सच्या विद्यापीठात फेब्रुवारीच्या आसपास दोन दिवस, हजारो लोक, तिकीट शून्य, नोंदणीसुद्धा नाही, सरळ दारातून आत. (विमानाचे पैसे अर्थात तुमचे. आणि थंडीचे कपडे.)

आणि एडब्ल्यूएसच ऐकायचं असेल तर त्यांचेच समिट नावाचे मेळावे मुंबई-बंगळूरला होतात, प्रवेश फुकट. पुण्यात त्यांचा यूजर ग्रुप (वापरणाऱ्यांचा गट) आहे. तिथे तरी किती जण जाता?

कमळी_क्लाउडची

समिटला मी जाते. चांगलं असतं, पण एका-दोन दिवसांचं आणि बरंचसं ‘हे आमचं नवं उत्पादन’ छापाचं. वेगासला तुम्ही त्या सेवेच्या टीमला गाठू शकता. बाकी ओळखींबद्दल तुमचं म्हणणं पटलं, ओहायोवाला परत भेटला नाही. :)

जाणार असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. कार्यक्रम एका इमारतीत नसतो, हमरस्त्यावरच्या अनेक हॉटेलांत विखुरलेला असतो. विन ते मँडले बे हे अंतरच पाच किलोमीटरच्या आसपास. बस असतात, पण एका टोकाचं संपवून लगेच दुसऱ्या टोकाचं गाठू म्हणाल तर जमत नाही. एका दिवशी एकच टोक धरा. आणि जागांचं आरक्षण आधी काही आठवडे उघडतं, तेव्हा पहिल्याच दिवशी बसायचं. चॉक टॉक पटापट भरतात.

ठाणेकर_ठसकेबाज

व्हिसाचं कुणी बोललंच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मुलाखत लागते. बोटांच्या ठशांसाठी एक फेरी, वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखतीची दुसरी, आणि तारीख कधी मिळेल ते नशीब. आधी व्हिसा, मग तिकीट. आमच्या जुन्या कंपनीत उलटं केलं होतं. माणूस इथेच राहिला, पैसे गेले, आणि त्या आठवड्यात त्याला सगळे ‘काय, कसं आहे वेगास’ म्हणून चिडवत होते.

डेटाबेसवाली

सगळे ‘जावं का’वर बोलताय. ‘कोण’ यावर कुणी बोलेल?

मी अकरा वर्षं एका कंपनीत (नाव जाऊ दे) डेटाबेस सांभाळले. त्या काळात पाच जण परदेशी परिषदांना जाऊन आले. पाचही जण मॅनेजर किंवा मॅनेजरच्या वाटेवरचे, फाडफाड इंग्रजी बोलणारे. परत आले की अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन, त्यात फोटो जास्त. रात्री तीनला डिस्क भरली म्हणून उठायचे मी आणि अजून एक मुलगा. आमच्याकडे चॉक टॉकला विचारण्यासारखे पन्नास प्रश्न होते, तिकडे जाणाऱ्याकडे एक नव्हता. मला एकदा विचारलं होतं, तेही ‘तुला मुलगी लहान आहे, जमणार नाही ना?’ असं. उत्तर त्यांनीच देऊन टाकलं.

तळजाईवाला, तुमच्याकडे रात्रीचा फोन कुणाच्या उशाशी असतो? त्याला पाठवणार असाल तर साडेचार लाख घाला. नाहीतर सहा जण बंगळूरला न्या, निदान डोसा तरी सगळ्यांना मिळेल.

तळजाईवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन दिवस गप्प होतो, कारण कमळीताईंचं वाचून आधी आमचं बिल उघडलं. म्हटलं आमचाही नॅट गेटवे असाच पैसे खात असेल, हा धागाच साडेचार लाख वाचवेल.

नाही. एंडपॉइंट आमच्याकडे आधीपासून आहे. २०२२ मध्ये लावलेला. कुणी लावला ते शोधलं तर साताऱ्याचा एक मुलगा निघाला, तेव्हा नुकता लागला होता. त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं रे? म्हणाला, “सर, वाचलं होतं. छोटंसंच होतं म्हणून बोललो नाही.” आणि डेटाबेसवाली, रात्रीचा फोन त्याच्याच उशाशी असतो.

रिकामटेकडा

बघा! नुसतं वाचून, घरबसल्या. माझा मुद्दा सिद्ध. त्याला वेगास कशाला, पगारवाढ द्या.

कमळी_क्लाउडची

उलट आहे. जो इतकं वाचतो त्याच्याकडेच फळ्यासमोर विचारायला प्रश्न असतील. आणि पगारवाढ तर द्याच.

तळजाईवाला (धागाकर्ता)

त्यालाच विचारलं. ‘वेगासला गेलास तर काय विचारशील’ म्हटल्यावर आधी लाजला, मग वहीतलं शेवटचं पान दाखवलं. चौदा प्रश्न लिहिलेले. त्यातले नऊ मला कळलेसुद्धा नाहीत.

मालक तयार आहेत, पण त्याच्याकडे पासपोर्टच नाही. सोमवारी मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची वेळ घेतलीय. यंदा व्हिसाचं जमेल असं वाटत नाही. तोवर बंगळूरला सहाऐवजी तिघे जातोय आणि ते चौदा प्रश्न आधी यूजर ग्रुपच्या बैठकीत टाकून बघतोय. पुण्यातल्या कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डेटाबेसवाली

व्यनि केलाय. मुलगी आता दहावीत आहे, मला जमतं.