शब्दचर्चा: ‘प्राय बार’ला मराठीत काय म्हणायचं? पहार, कटावणी, टॉमी की आणखी काही?

शब्दखूण:
गाडीदुरुस्तीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. त्यात ‘प्राय बार’ (फटीत टोक घालून तरफेसारखा भाग सोडवायचा किंवा रेटायचा लोखंडी दांडा) दर दोन पानांनी येतो. शब्दकोशात ‘पहार’ आणि ‘कटावणी’ सापडले. पण ‘शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पहार घालून झटका द्या’ असं लिहिलं तर वाचणारा हसेल. शिवाय मूळ मजकुरात या बारचे पाच प्रकार आहेत आणि शेवटी ‘कोणता विकत घ्यावा’ असं प्रकरण. सगळ्यांना एकच शब्द चालेल का?

बारा-तेरा:
हसला तर बरं. खरंच तसं केलं तर गिअरबॉक्सचं काही खरं नाही. पहार (कुठे पारई) म्हणजे उभं राहून दोन्ही हातांनी आपटायचा दांडा. खड्डा खणायला, दगड हलवायला. टोक बोटाएवढं जाड, आणि इथली फट काही मिलिमीटरांची.

कटावणी जवळची आहे, कारण उचकटणं हेच तिचं काम. पण तिच्या टोकाला खिळा धरायची खाच असते. मशीनच्या कामात हीच खाच नडते: सगळा जोर दोन सुळक्यांवर येतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कडेत दोन खड्डे पडतात. आणि बातमीत कटावणी आली की पुढे घरफोडी ठरलेली!

टॉमी तर मुळीच नको. टॉमी म्हणजे बॉक्स पान्याच्या किंवा जॅकच्या भोकात घालून फिरवायचा गज. ‘टॉमी दे’ म्हटल्यावर हाताला लागेल तो गज पुढे येतो, ही वेगळी गोष्ट.

शब्दखूण:
मग किसणी, चाळणी, लाटणी या चालीवर ‘उचकटणी’?

काना-मात्रा:
घडण बरोबर आहे, पण ‘-णी’ दुधारी आहे. किसणी हे साधन. कापणी, पेरणी या क्रिया. ‘उचकटणी करा’ असं कुणी वाचलं की संपलं.

दुसरी अडचण जास्त मोठी. मराठीत ‘उचकटणे’ला जबरदस्तीचा वास आहे. दार उचकटतात, फळी उचकटतात, म्हणजे मोडलं तरी पर्वा नाही. इंग्रजी क्रियापदात हा वास कमी आहे. ते ‘प्राइझ’ या तरफेच्या जुन्या नावावरून आलं. शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा समजून लोकांनी तो गाळला आणि ‘प्राय’ उरलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘पकड’. गंमत म्हणजे आपल्याकडे पकड हे भलतंच हत्यार आहे.

म्हणून नाम एक वेळ ‘प्राय बार’च राहू द्या, क्रियापद मात्र प्रत्येक ठिकाणी कामाप्रमाणे बदला. बेल्ट ताणताना अल्टरनेटर (बेल्टवर फिरणारं, वीज तयार करणारं यंत्र) उचकटत नाहीत, रेटून धरतात. इंजिन माउंटिंगचा बोल्ट बसवताना इंजिन तोलून धरतात. चिकटलेलं झाकण सोडवतात.

बारा-तेरा:
सहमत. अल्टरनेटरच्या बाबतीत ‘कुठे रेटायचं’ तेही लिहा: जाड कानाजवळ. मधल्या जाळीदार अंगाला बार लावला की ते तडकतं.

आता ते पाच प्रकार. नावं टोकावरून पडली आहेत, तेव्हा भाषांतरही टोकावरूनच करा.

‘रोलिंग हेड’ म्हणजे वाकवलेलं टोक आणि त्याची गोल पाठ. दांडा दाबला की पाठ जागेवर लोळते, टेकू सरकत नाही. ‘गोल पाठीचा बार’ म्हणता येईल. याचं दुसरं टोक बहुधा दाभणासारखं निमुळतं असतं, ते भोकं जुळवायला. तिथे एक ओळ ठळक छापा: भोक जुळलं का ते बोटानं चाचपू नये, भाग सरकला तर बोट कापतं.

‘हील बार’मध्ये टोकाजवळ काटकोनी टाच असते. ‘टाचेचा बार’ हा शब्द सरळ बसतो.

‘इंडेक्सिंग’ म्हणजे बटण दाबून डोक्याचा कोन बदलता येतो तो. अडचणीच्या जागी उत्तम, पण सांधा हाच त्याचा कमकुवत भाग. घेताना बटण सोडल्यावर दात पूर्ण बसतात का आणि डोकं खुळखुळतं का ते बघावं.

मुठीचा बार मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरसारखा दिसतो. आणि ‘पिकल फोर्क’ला बार म्हणूच नका! ती पाचर आहे, तरफ नव्हे. ‘बेचकी पाचर’ म्हणा. बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळी-वाटीचा सांधा) सुटतो, पण त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, जवळजवळ नक्की फाटतो. जॉइंट परत वापरायचा असेल तर स्क्रू फिरवून सांधा सोडवायचा पुलर वापरा.

शब्दखूण:
‘फल्क्रम’ला टेकू चालेल ना? आणि शाफ्टचं वाक्य कसं लिहू?

काना-मात्रा:
टेकूच. शाळेच्या पुस्तकात तोच आहे.

बारा-तेरा:
शाफ्टसाठी असं लिहा: ‘आतल्या जॉइंटचा कप आणि गिअरबॉक्सची जाड बरगडी यांच्यामध्ये बारचं टोक थोडंसंच घाला. ऑइल सीलला टोक लागू देऊ नका. छोटा, झटक्याचा दाब द्या. सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी तारेची कडी) सुटली नाही तर शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा प्रयत्न करा. शाफ्टचा दांडा धरून ओढू नका, जॉइंट बुटाच्या आतच सुटा होतो.’ आधी खाली ट्रे ठेवा, तेल येतंच.

टेकूचा हिशेबही द्या, त्याशिवाय खरेदीचं प्रकरण समजणार नाही. ६०० मिमीचा बार, टेकू टोकापासून ५० मिमीवर: ५५० भागिले ५० म्हणजे ११ पट. हातानं २० किलोचा जोर लावला तर टोकाला २२०, आणि टेकूखालच्या जागेवर दोन्हींची बेरीज, २४०. तो टेकू जर गॅस्केट (दोन भागांमधली गळती रोखणारी पट्टी) बसायच्या पृष्ठभागावर असेल तर तिथे ओरखडा आणि पुढे तेलगळती. म्हणून खाली लाकडाचा तुकडा, किंवा केसिंगला उचकटण्यासाठीच ओतलेले कान असतात ते शोधायचे. टेकू २५ मिमीवर आणला तर २३ पट. म्हणजे लांबी वाढवायला मागे पाइप चढवण्याआधी टेकू जवळ घ्यावा. पाइप चढवला की बार वाकतो किंवा निसटतो, आणि दोन्ही वेळा हात वाटेतच असतो.

शब्दखूण:
ऑनलाइन शोधताना कोणता शब्द टाकायचा, हेही त्या प्रकरणात आहे.

बारा-तेरा:
‘कटावणी’ टाकली तर खिळे उपटायच्या येतात. ‘प्राय टूल’ टाकलं तर मोबाइल उघडायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. टोकाचं नाव आणि लांबी मिळून टाकावी: ‘रोलिंग हेड, १८ इंच’. साध्या कामाला २००, ४५० आणि ६०० मिमीच्या आसपासचे तीन पुरतात. सस्पेन्शनचा खालचा आर्म दाबून धरायला ९०० मिमीचा लागतो.

वर्णनात लांबी मुठीसकट आहे की नुसत्या सळीची ते बघावं. टोकाची जाडी बहुतेक जण छापतच नाहीत, ती विचारून घ्यावी. जाड टोक फटीत जात नाही हीच नेहमीची तक्रार. मुठीच्या बारवर हातोडा मारायचा असेल तर सळी मुठीतून आरपार जाऊन मागच्या लोखंडी टोपीला भिडलेली हवी, नाहीतर मूठ फुटते.

काना-मात्रा:
जाड टोक ग्राइंडरवर पातळ करता येत नाही का?

बारा-तेरा:
येतं, पण थोडं थोडं, दर वेळी पाण्यात बुडवून. टोक निळं पडलं म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं. मग ते पहिल्याच जोराला वाकतं.

शब्दखूण:
‘पाणी उतरणं’! ‘टेम्पर’साठी कधीचा शब्द शोधत होतो.