टीममध्ये घेतलं, पण ग्राइंडर कोणाच्या हातात?

नॉचिंगवाली:
कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थ्यांनीच छोटी रेसिंग कार बनवून स्पर्धेत उतरवायची) मी चार वर्षं होते, गेल्या वर्षी बाहेर पडले. दिवाळीनंतर नव्या टीमला भेटायला गेले. २४ जणांत ७ मुली! माझ्या वेळी आम्ही दोघीच होतो, त्यामुळे फार बरं वाटलं. मग एकेकीला विचारत गेले, तुझ्याकडे काय आहे? स्पॉन्सरशिप. सोशल मीडिया. कॉस्ट रिपोर्ट. बिझनेस प्लॅन. पुन्हा कॉस्ट रिपोर्ट. चासिसवर, म्हणजे गाडीच्या पाइपांच्या सांगाड्यावर, एकच होती, आणि तिनंही सगळं काम स्क्रीनवर केलेलं, पाइप एकही कापला नव्हता.

हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. आमचं वर्कशॉप लेक्चर संपल्यावर, साडेपाचला मिळतं. सामान काढेपर्यंत आणि पाइप जागेवर धरणारा जिग लावेपर्यंत साडेसात वाजतात, वेल्डिंगला खरी सुरुवात नऊला होते. मुलींचं हॉस्टेल साडेआठला बंद. कोणी कोणाला 'तू नको' म्हणायची गरजच पडत नाही, कामाची वाटणी घड्याळच करून टाकतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांचंही तेच. लेथवर त्यांचा हात बसलेला असतो, पण टीमची भरती पहिल्या वर्षीच उरकलेली असते. उरलेल्या जागांचे इंटरव्ह्यू इंग्रजीत. वर माणशी बारा हजार काँट्रिब्युशन, तेही ग्रुपवर नावासकट यादी टाकून मागायचे. माझ्या बॅचचा एक मुलगा त्या यादीत दोनदा आपलं नाव पाहून निघून गेला. आमच्यात सस्पेन्शनची भूमिती त्याच्याइतकी कोणालाच कळत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच: फॅब्रिकेशनचा मुख्य दिवस शनिवार ठेवा, सकाळपासून. इंटरव्ह्यू मराठीतही घ्या. आणि पैशांचं कोषाध्यक्षानं ज्याच्या त्याच्याशी एकट्यानं बोलावं.

जुना_कॅप्टन:
तळमळ पटते, उपाय पटत नाहीत. मी दोन वर्षं टीम चालवली आहे. स्पर्धेत, कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, तुमची गाडी २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची फेरी) पुरी करते की नाही, एवढंच मोजलं जातं. मधे ड्रायव्हर बदलल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली नाही, तर वर्षभर टीममध्ये किती छान वातावरण होतं हे कोणी विचारत नाही.

रात्री थांबणारा माणूस टीमसाठी झोप मोडतो. चासिस त्याच्या हातात जाते ती त्यानं कमावलेली असते. शनिवार म्हणता, पण त्याच शनिवारी प्रॅक्टिकलची भरपाई असते, वेंडरकडून पार्ट आणायचे असतात. आणि सगळ्यांना संधी म्हणून नवख्याच्या हाती वेल्डिंगची टॉर्च दिली आणि रोल हूपचा (गाडी उलटली तर ड्रायव्हरचं डोकं वाचवणाऱ्या कमानीचा) वेल्ड कच्चा राहिला, तर आत आपलाच माणूस बसलेला असतो.

कॉस्टची_पोरगी:
मी या दोघांशीही भांडणार आहे. ताई, मी दोन वर्षं कॉस्ट केलं आणि ते मी स्वतः निवडलं. १००० पैकी ३२५ गुण स्टॅटिकचे, म्हणजे गाडी न पळवता मिळणारे: डिझाइन १५०, कॉस्ट १००, बिझनेस प्लॅन ७५. कॉस्टमध्ये गाडीतला प्रत्येक नट आणि वॉशर, तो कसा बनला, का बनला, हे सांगावं लागतं. गाडी मला चासिसवाल्यांइतकीच ठाऊक आहे. 'मुलींना कागदी काम दिलं' अशा सुरात तुम्ही लिहिता तेव्हा माझं काम हलकं ठरतं.

पण कॅप्टनदादा, मी निवडलं म्हणजे बाकीच्या सहाजणींनीही निवडलं असं होत नाही. ज्युनियरला विचारलं तर म्हणाली, ब्रेक्स हवे होते, तिथे 'नाईट मारावी लागते' म्हणाले.

नॉचिंगवाली:
तुझं बरोबर आहे, माझे शब्द चुकले. कॉस्ट हे कमी काम नाही, तिथे ढकललं जाणं मला खटकतं.

डिप्लोमावाला:
मी तोच थेट दुसऱ्या वर्षाचा. इंटरव्ह्यूत विचारलं, 'एक्स्प्लेन अँटी-डाइव्ह', म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली जाऊ न देणारी सस्पेन्शनची रचना. मला ते माहीत होतं, वाक्य जुळवता आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच टीमनं हबचं (चाक बसतं त्या भागाचं) बोअरिंग, म्हणजे आतलं भोक नेमक्या मापाचं करणं, माझ्याकडून करून घेतलं, कारण बेअरिंगचा फिट कोणालाच जमत नव्हता. टीमचा टी-शर्ट मात्र मिळाला नाही. दादा, रात्री तर मी रोज थांबत होतो. मग मी कमावलेलं कुठे गेलं?

पुण्याचा_सॅटेलाइटवाला:
वेगळ्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह २००८ च्या सुमाराला सुरू झाला आणि २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ रॉकेटवरून गेला. एक किलोहूनही कमी वजन, आणि आठ वर्षं! सुरुवात करणारे तोवर केव्हाच पास होऊन गेले होते. रात्री थांबणाऱ्या चौघांच्या डोक्यातच सगळं राहिलं असतं, तर उपग्रह दुसऱ्या बॅचपाशीच संपला असता. तुमची गाडी दरवर्षी शून्यातून का सुरू होते, ते या अंगानं पाहा. ज्यांना आत येऊ देत नाही, त्यांच्याकडे काही पोचतही नाही.

जुना_कॅप्टन:
डिप्लोमावाल्या, तुझ्यावर अन्याय झाला. माझ्या टीममध्ये असं झालं नाही असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारबद्दल मात्र मत बदललेलं नाही. स्पर्धेआधीचे दोन महिने रात्रीच लागणार. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर घाई नसते, हे खरं. तेव्हा रात्री बसायचो ते सवयीनं.

नॉचिंगवाली:
मग ते तीन महिने तरी दिवसाचे करा. हात तेव्हाच बसतो. जानेवारीत टॉर्च कोणाला द्यायची हा प्रश्न तुम्ही सुरक्षिततेचा म्हणून विचारता, पण ऑगस्टमध्ये कोणाला शिकवलं यावरच त्याचं उत्तर ठरलेलं असतं. आणि फॉर्म्युला एसएई या आपल्यासारख्याच स्पर्धेची नियमावली ड्रायव्हरची जागा ठरवताना अगदी लहान चणीच्या बाईपासून अगदी उंच पुरुषापर्यंत सगळे मावले पाहिजेत असं सांगते. आमच्या गाडीत पेडल मागे घेऊन पाहायला बसवण्यासाठी त्या रात्री एकही मुलगी वर्कशॉपमध्ये नव्हती. अंदाजानं बसवलं, आणि मी बसले तेव्हा क्लच पूर्ण दबत नव्हता.

कॉस्टची_पोरगी:
तो क्लच अजून तसाच आहे, ताई. या शनिवारी येता का? पेडल दाबल्यावर तेलाचा दाब देणाऱ्या मास्टर सिलेंडरचं ब्रॅकेट नव्यानं करायचंय. वर्कशॉपची परवानगी दहा ते पाच मिळाली आहे.

डिप्लोमावाला:
ब्रॅकेट मी मिलिंग मशीनवर करून देतो. ड्रॉइंग पाठवा.