नवजात बाळाच्या आतड्यात रक्तवाहिन्यांची गाठ: मुंबईत दुसरं मत कुठे घ्यावं?

रानजाई
नमस्कार. धाकट्या जावेच्या बाळासाठी विचारतेय. आम्ही डोंबिवलीला असतो. मुलगी पूर्ण दिवसांची, वजनही चांगलं. पण दूध पाजलं की हिरवी उलटी व्हायची, पोट टम्म फुगायचं आणि काळी शी जेमतेम झाली. एक्स-रेत आतडं अडकल्याचं दिसलं म्हणून मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये तातडीने ऑपरेशन केलं. डॉक्टरांचा अंदाज होता की आतडं जन्मतःच बंद असेल किंवा पीळ पडला असेल. पोट उघडल्यावर लहान आतड्याच्या शेवटाकडे जांभळट लाल गाठ सापडली. तिनेच वाट अडवली होती. तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडली.

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. नाकात नळी, पोषण सलाईनमधून. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये रक्तवाहिन्यांचा ट्यूमर आहे, प्रकार ठरवायला आणखी तपासण्या हव्यात, एवढंच लिहिलंय. ट्यूमर शब्द ऐकल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. केमो लागेल का? बाळाला परळला हलवावं का? त्यात मोठी माणसं जावेला विचारतात, ग्रहणात काय चिरलंस, पपई खाल्लीस का. ती नुसती रडते. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

अबोली
जावेला आधी जवळ घ्या आणि सांगा की तिच्या खाण्यापिण्याने किंवा ग्रहणाने हे झालेलं नाही. बाळ पोटात असतानाच गाठ वाढली, ती कुणालाही थांबवता आली नसती. मोठ्यांना हे तुम्ही सांगा, तिच्यावर सोडू नका.

माझ्या मुलाला मानेवर मोठा हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ होती, ती प्रोप्रॅनोलॉल या औषधाने ओसरली. तुमचं प्रकरण वेगळं आहे, तरी हात जोडून एक सांगते. नेटवर फोटो शोधत बसू नका.

पिंपळपान
मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रिपोर्ट न बघता निदान करणार नाही, पण काय विचारायचं ते सांगू शकते.

नवजात बाळाचं आतडं अडण्याची नेहमीची कारणं म्हणजे अॅट्रेशिया (आतडं जन्मतःच बंद असणं), मालरोटेशनमुळे (आतडं पोटात नीट न फिरल्यामुळे) पडलेला पीळ, हिर्शस्प्रुंग (मोठ्या आतड्याच्या शेवटाला चेतापेशी नसणं), मेकोनियम म्हणजे काळी शी घट्ट होऊन अडकणं. रक्तवाहिन्यांची गाठ या यादीत फार खाली येते, त्यामुळे ती बहुतेक वेळा ऑपरेशन टेबलावरच कळते. गाठ आतड्याच्या पोकळीत वाढून वाट बुजवते, भिंत जाड करते, कधी तिच्यामुळे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, कधी रक्तपुरवठा तुटून तो भाग अरुंद होतो. सर्जनने पोट लगेच उघडलं ते योग्यच केलं. हिरवी उलटी असताना वाट बघायची नसते.

आता सगळं अडलंय ते गाठीच्या नेमक्या प्रकारावर. इन्फन्टाइल हेमॅन्जिओमा सहसा जन्मानंतरच्या आठवड्यांत वाढतो, काही महिने फुगतो आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतो. त्याच्या पेशी ग्लुट-१ या तपासणीत पॉझिटिव्ह येतात. जन्मताच आतडं अडवण्याएवढी मोठी असलेली गाठ बघितली की माझा पहिला कल त्याच्याकडे जात नाही. मग जन्मजात हेमॅन्जिओमा किंवा कापोसिफॉर्म हेमॅन्जिओएन्डोथेलिओमा यांचा विचार करावा लागतो. हे दोन्ही ग्लुट-१ निगेटिव्ह असतात. दुसऱ्यात लसिकावाहिन्यांची डी२-४० ही खूणही सापडते. या तपासण्या त्याच गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) होतात, बाळाला पुन्हा टोचावं लागत नाही.

कापोसिफॉर्म हे नाव ऐकून घाबरू नका, पण ते हलक्यातही घेऊ नका. कॅन्सर पसरतो तशी ती गाठ सहसा दूरच्या अवयवांत पसरत नाही, मात्र आजूबाजूला घुसते. तिच्यात कासाबाख-मेरिट नावाची अवस्था येऊ शकते. १९४० साली त्या दोन डॉक्टरांनी ती एका बाळात नोंदवली होती. प्लेटलेट्स गाठीत अडकून संपतात, फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) घसरतं, डी-डायमर (गुठळ्या विरघळल्याची रक्तातली खूण) वाढतं आणि रक्तस्रावाचा धोका येतो. म्हणून या तीन तपासण्या झाल्या आहेत का ते आजच विचारा. या अवस्थेत रक्तस्राव नसताना नुसता आकडा सुधारायला प्लेटलेट्स चढवणं डॉक्टर टाळतात, कारण त्याही गाठीतच जाऊन बसतात आणि गाठ फुगू शकते.

गाठ पूर्ण निघाली असेल आणि रक्त ठीक असेल, तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. कडांवर गाठ शिल्लक आहे का, हे रिपोर्टमध्ये वाचा. कापोसिफॉर्म उरला असेल किंवा रक्त बिघडलं असेल तर सिरोलिमस, स्टिरॉइड, कधी व्हिनक्रिस्टिन ही औषधं देतात. व्हिनक्रिस्टिन केमोचंच औषध आहे, पण इथे ते कॅन्सर म्हणून देत नाहीत.

आणि बाळ हलवायची घाई करू नका! नुकतं आतडं जोडलेलं बाळ अँब्युलन्समध्ये घालण्यापेक्षा ब्लॉक, स्लाइड्स आणि ऑपरेशन नोट्स हलवा. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या ब्लॉक-स्लाइड्सवर मत देतात. ब्लॉक मागणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

परळ_नाका
वरच्या मताशी पूर्ण सहमत. सर्जनचं दुसरं मत हवं असेल तर बाई जेरबाई वाडिया आणि केईएम, दोन्ही परळला आचार्य दोंदे मार्गावरच आहेत. तुम्ही मध्य रेल्वेवरचेच, परळला उतरून चालत जाल. सायन आणि नायरलाही लहान मुलांची शस्त्रक्रिया होते. नुसती फाईल घेऊन ओपीडीत जा, आई-बाबांपैकी एक जण बाळाजवळ राहू दे.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात बिल वाढण्याआधी जा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

अबोली
जावेचं दूध चालू ठेवायला सांगा. बाळ तोंडाने घेत नसलं तरी दर दोन-तीन तासांनी काढायचं, रात्रीसुद्धा, आणि कसं साठवायचं ते एनआयसीयूच्या सिस्टरना विचारायचं. आतडं कापलेल्या बाळाला सुरुवातीला आईचं दूधच सगळ्यात सोसतं. तिचं कमी पडलं तर दूधपेढीबद्दल विचारा. सायन हॉस्पिटलची दूधपेढी १९८९ पासून आहे, आशियातली पहिली.

रानजाई
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन नॉर्मल आहेत! ब्लॉक मागितलाय, देतो म्हणाले. दोन शंका आहेत. प्रोप्रॅनोलॉल लगेच सुरू करा असं एक नातेवाईक म्हणतात, करावं का? आणि आतडं कापलंय तर पुढे वाढ नीट होईल ना?

पिंपळपान
रक्त नॉर्मल आहे हे वाचून फार बरं वाटलं.

प्रोप्रॅनोलॉल प्रकार कळेपर्यंत नको. ते इन्फन्टाइल हेमॅन्जिओमावर उत्तम चालतं. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हृदयासाठी ते औषध दिलेल्या बाळाची गाठ ओसरल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून उपचारच बदलले. पण जन्मजात किंवा कापोसिफॉर्म प्रकारात त्याचा तसा भरवसा नाही. शिवाय त्याने साखर उतरते, म्हणून ते दूध पाजूनच द्यायचं असतं आणि बाळ पीत नसेल किंवा उलट्या करत असेल तर डोस थांबवायचा असतो. तुमचं बाळ अजून तोंडाने काहीच घेत नाही.

वाढीसाठी सर्जनना दोन गोष्टी विचारून लिहून घ्या. आतडं किती सेंटीमीटर काढलं आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप राहिली का. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण दोन-अडीच मीटर असतं. थोडासा तुकडा गेला तर बाळं छान वाढतात. शेवटचा भाग बराच गेला असेल तर बी-१२ पुढे तपासत राहावं लागतं, ते तिथेच शोषलं जातं.

अंगावर लाल चट्टे आहेत का तेही बघा. पाच किंवा जास्त असतील तर यकृतातही अशा गाठी आहेत का हे बघायला सोनोग्राफी करून घ्या. आणि सिरोलिमस किंवा स्टिरॉइडचा विषय निघाला, तर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि रोटा या जिवंत लसी कधी द्यायच्या हे डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या, लसीकरणाच्या सिस्टरना तोच कागद दाखवता येईल.

ब्लॉकचा रिपोर्ट आला की नाव-नंबर झाकून इथे टाका, मी वाचून सांगेन.