डबी लावली म्हणून बीबीसी मायक्रो ‘इंटरनेटवर’ आला का?

गोदाकाठचा

परवा ‘मूळ संच’ यांनी या फोरमवर लिहिलं की सिरियल-टू-इथरनेटची डबी (जुन्या सिरियल पोर्टला नेटवर्कशी जोडणारं छोटं यंत्र) मागे लावून बीबीसी मायक्रो हा चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर ‘इंटरनेटवर आणला’ म्हणणं ही दिशाभूल आहे. टीसीपी-आयपीचं, म्हणजे इंटरनेटवर पॅकेट पाठवण्या-घेण्याचं, सगळं काम डबी करते, बीबीसी मायक्रो नुसती अक्षरं दाखवतो. त्यापेक्षा मशीन आहे तसं कपाटात जपा, नाशकात अशी मशीनं उरलीत तरी किती, असंही त्यात होतं. दोन रात्री गप्प बसलो. आज लिहितोच.

माझा बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, मला अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मिळाला, तोही किलोच्या भावात. पहिल्याच दिवशी पावर सप्लायमधला जुना फिल्टर कपॅसिटर फुटला. घरभर धूर झाला आणि आईने मेन स्विच पाडला. नवे एक्स२ वर्गाचे कपॅसिटर टाकले, कीबोर्डची एकेक कळ साफ केली. मग केबल. त्याच्या आरएस-४२३ या सिरियल पोर्टचा पाचपिनी प्लग सरळही बसतो आणि उलटाही बसतो, हे समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली. *एफएक्स ७,७ आणि *एफएक्स ८,७ या आज्ञा देऊन येण्याचा आणि जाण्याचा वेग ९६०० बॉड केला, *एफएक्स २,२ ने पोर्ट उघडलं, आणि रात्री पावणेबाराला दुसऱ्या देशातल्या एका बुलेटिन बोर्डाचं (नुसत्या अक्षरांतल्या जुन्या पद्धतीच्या ऑनलाइन फलकाचं) स्वागताचं पान ओळीओळीने उतरलं. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. मोड ७ चा, म्हणजे नुसत्या अक्षरांचा, पडदा ४० गुणिले २५, म्हणजे हजार अक्षरांचा. सेकंदाहून जरासा जास्त वेळ लागतो आणि पान भरताना डोळ्यांना दिसतं. ते बघून मला भरून आलं, हे सांगायला लाज वाटत नाही.

आता मुद्दा. दुसऱ्याच्या प्रोसेसरवर काम झालं म्हणून ते खोटं, असं असेल तर हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेममध्येही स्वतःचा झेड८ प्रोसेसर होता. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केल्यावर ज्यांनी शेल अकाउंट वापरलं, त्यांचा पीसी तरी काय करत होता? इंटरनेटवर होतं ते पलीकडचं युनिक्स मशीन. आपला पीसी टर्मिनल होता. मी मुंबईला वसतिगृहात असताना तशा पडद्यावर पहिली ईमेल वाचली. त्या दिवशी मी इंटरनेटवर नव्हतो, असं मला कोणी सांगू नये.

मूळ संच

तुम्ही आठवणी सांगितल्यात. माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत.

साधी चाचणी करा. डबीचा आयपी पत्ता पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ असं नेटवर्कवरून विचारा, उत्तर येईल. आता बीबीसी मायक्रो बंद करा आणि पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर येईल. मग इंटरनेटवर कोण आहे? मोडेमचं उदाहरण इथे लागू नाही. मोडेम बिटांचा आवाज करायचा आणि आवाजाचे बिट करायचा, कनेक्शनचं त्याला काही ठाऊक नव्हतं. डबी स्वतः कनेक्शन उघडते, हरवलेली पॅकेट पुन्हा मागवते, त्यांचा क्रम लावते. सी६४ ला (कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरला) थेट इथरनेट कार्ड लावून त्यावर अडॅम डंकेल्सची कॉन्टिकी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालवतात, तिथे ६५१० हा त्याचा प्रोसेसर स्वतः पॅकेट बनवतो. त्याला मी इंटरनेट म्हणेन. तुमच्या प्रकाराला नाही.

आणि कपाटाबद्दल बोलताना मला राग येतो त्याला कारण आहे. माझा सी६४ एका ओळखीच्यांनी ‘फक्त दोन दिवस’ म्हणून नेला होता. त्याच्या यूजर पोर्टवर ५ व्होल्टचे सिग्नल असतात. त्यांनी मधे व्होल्टेज जुळवणारी मॅक्स२३२ चिप न लावता पीसीची आरएस-२३२ केबल सरळ जोडली. बारा व्होल्ट आत गेले आणि पोर्ट सांभाळणारी ६५२६ चिप मेली. वर मला सांगितलं, "जुनंच होतं, गेलं असेल." माझ्या वडिलांनी दुबईहून आणलेलं मशीन होतं ते. तुमच्या हौसेची किंमत मी दिलेली आहे.

अंबड फिटर

दोघांनाही नमस्कार. तुम्ही ज्याला हौसेची डबी म्हणताय, ती आमच्या शॉपवर तीन शिफ्ट चालते. कारखान्यातल्या सीएनसी मशीनच्या जुन्या फॅनक कंट्रोलला नेटवर्कच नाही, फक्त आरएस-२३२. ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. मोठा प्रोग्राम त्याच्या मेमरीत मावत नाही म्हणून ऑफिसच्या सर्व्हरवरून डबीतून थेंबथेंब सोडायचा. मशीनने एक्सऑफ, म्हणजे ‘थांब’चा संकेत, पाठवला की पुढची अक्षरं तत्काळ थांबली पाहिजेत. सुरुवातीला हे थांबवण्याचं काम सर्व्हरवर ठेवलं होतं. एक्सऑफ नेटवर्कवरून जाऊन सर्व्हरला कळेपर्यंत वाटेतली अक्षरं येऊन आदळायची, बफर ओसंडायचा, अलार्म यायचा आणि जॉब गेला. हे थांबवणं-सोडणं (फ्लो कंट्रोल) डबीतच चालू केल्यापासून तो त्रास संपला.

गोदाकाठचे दादा, तुमची अक्षरं गळत असतील तर आधी हेच बघा. बीबीसीला आरटीएस-सीटीएस, म्हणजे ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगणाऱ्या तारा, आहेत ना? त्या दोन तारा जोडल्यात का?

गोदाकाठचा

नव्हत्या जोडल्या! तीन तारांवरच चालवत होतो. मोठं पान आलं की मधल्या ओळी खायचा, मला वाटलं चिप गेली. २५६ बाइटचा बफर भरत आला की मशीन आरटीएसने ‘थांब’ सांगतं आणि ते ऐकायला पलीकडे कोणी नव्हतंच. फिटरभाऊ, आभार.

मूळ संच, बघा. ‘थांब’ कोण म्हणालं? बीबीसी मायक्रो. बोलणं तोच नियंत्रित करतो.

मूळ संच

‘थांब’ तर प्रिंटरही म्हणतो. तुमचा प्रिंटर इंटरनेटवर आहे, असं तुम्ही म्हणाल का?

पोर्ट तेवीस

मधे बोलतो, माफ करा. डबीवर येणारं कनेक्शन घ्यायचं म्हणून राउटरमधून पोर्ट २३ बाहेर उघडू नका. २०१६ चं मिराय हे घातक सॉफ्टवेअर असंच उघडं टेलनेट (पोर्ट २३ वरचा दूरचा लॉगिन) शोधत फिरत होतं. डबीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो आणि आत कोणी शिरलं तरी कळत नाही. माझ्या घरचा कॅमेरा असाच गेला होता.

देवनागरी हट्टी

टर्मिनल की इंटरनेट यावर तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, त्या पडद्यावर मराठी कधी दिसणार? दर वेळी इंग्रजी बुलेटिन बोर्डाचा फोटो. हा धागा तुमच्या मशीनवर उघडला तर काय दिसेल? नुसता कचरा. नाशकात बसून, मराठीत भांडून, मशीनवर मात्र इंग्रजीच.

गोदाकाठचा

विषय वेगळा आहे. नवा धागा काढा.

देवनागरी हट्टी

विषय हाच आहे. मला माझ्या भाषेत वाचता येत नसेल तर मशीन इंटरनेटवर आलं काय आणि कपाटात राहिलं काय, मला सारखंच.

ओझरच्या बाई

मी सहसा लिहीत नाही, पण आता राहवत नाही.

१९८४ साली सरकारचा क्लास प्रकल्प सुरू झाला, शाळांमधून कॉम्प्युटर शिकवण्याचा. त्यात आलेल्या बीबीसी मायक्रोवर मी गणिताबरोबर हेही शिकवलं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, यात माझं नाव मराठीत येईल का?" मी म्हटलं बघू. आलेखाच्या वहीत आठ बाय आठच्या चौकटी आखल्या. व्हीडीयू २३ या आज्ञेपुढे अक्षराचा क्रमांक आणि आठ ओळींचे आठ आकडे दिले की आपलं अक्षर तयार होतं. शिरोरेषा घातली की उरलेल्या सात ओळींत वेलांटी, मात्रा, उकार काही मावेना. मग मुलांनीच दोन चौकटी एकावर एक ठेवल्या. वरच्यात वेलांटीची कमान आणि शिरोरेषा, खालच्यात अक्षर आणि उकार. मोड ७ मध्ये हे होत नाही, त्याची अक्षरं टेलिटेक्स्टच्या चिपमध्ये पक्की असतात. मोड ४ घ्यावा लागतो. त्यात दहा किलोबाइट पडद्यालाच जातात, पण ४० अक्षरांच्या १६ ओळी मराठीत मिळतात.

त्या मुलीचं नाव पडद्यावर आलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला, तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले होते. पुढे ती मशीनं कुणाला न विचारता भंगारात घातली गेली. मला सुट्टीनंतर कळलं. वही तेवढी घरी होती म्हणून वाचली.

त्यामुळे ‘कपाटात जपा’ म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं. पण आमची मशीनं कपाटातच होती हो. कपाटातूनच गेली.

देवनागरी हट्टी

बाई, तुम्हाला दंडवत. आता हे सोपं आहे. मधे एक रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवायचा. इंटरनेटवरून आलेल्या यूटीएफ-८ या अक्षर-संकेतांचं इस्की करायचं. १९९१ चं भारतीय मानक आहे, एका चिन्हाला एक बाइट. ‘नाशिक’ला यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट लागतात, इस्कीत पाच. वेलांट्यांची जुळणीही पायवरच करू आणि मशीनला तयार चित्रं पाठवू.

मूळ संच

म्हणजे इंटरनेट डबीचं आणि मराठी पायची! मग बीबीसी मायक्रो कशाला हवा? टीव्ही लावा.

देवनागरी हट्टी

तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही का? बाईंचं एवढं वाचून हेच सुचलं?

मूळ संच

बाईंचं वाचूनच सुचलं. त्यांच्या मुलांनी जुळणी मशीनवर केली, दुसऱ्या यंत्राकडून करवून घेतली नाही. माझा हट्ट तोच आहे आणि तुम्ही सगळे मिळून मला खडूस ठरवताय.

ओझरच्या बाई

भांडू नका. मूळ संच म्हणतात ते मला पटतं, जुळणी मशीनमध्येच झाली पाहिजे. पण आमच्या वेळी आम्ही अक्षरं हव्या त्या क्रमाने छापत होतो. बाहेरून आलेला मजकूर तसा येत नाही. ‘शि’ येताना आधी श येतो आणि मग पहिली वेलांटी. श छापून झाल्यावर वेलांटी त्याच्या आधी कुठे घालणार? ‘सूर्य’मधला र आधी येतो आणि त्याचा रफार पुढच्या य च्या डोक्यावर बसतो. तेव्हा आलं की छाप, असं चालणार नाही. पूर्ण अक्षर होईपर्यंत हातात धरून ठेवायचं, पुढचं व्यंजन आलं आणि मागे हलन्त नसेल तरच मागचं सोडायचं.

अंबड फिटर

म्हणजे तेवढा वेळ मशीनने आरटीएसने थांबवायचं, आणि डबीने ते ऐकायचं. जमेल.

गोदाकाठचा

धागा डबीचा होता, आता वेलांटीचा झाला. पण काल रात्री मीही कागद घेऊन बसलो होतो, ते लिहितो. पायची गरज नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा. पहिला कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५. तिसऱ्यातून १२८ वजा करा आणि दुसरा १६५ असेल तर ६४ मिळवा. शून्य ते १२७ मधला आकडा हाती येतो, तोच अक्षराचा तक्त्यातला क्रमांक. बेसिकच्या तीन ओळी. व्हीडीयू २३ ला सुरुवातीला फक्त ३२ अक्षरं मोकळी असतात, पण *एफएक्स २० ने ती वाढतात, थोडी मेमरी देऊन.

मूळ संच, पिंगच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मी मशीन बंद करून पाहिलं आणि डबी उत्तर देत राहिली. ते मला आवडलं नाही, पण खरं आहे. यापुढे मी ‘मशीनला स्वतःचा आयपी पत्ता आहे’ असं म्हणणार नाही. ‘इंटरनेटवर आहे’ असं मात्र म्हणणार. वाचणारा त्याच्यासमोर बसलेला असतो, डबीसमोर नाही.

आणि तुम्हाला पॅकेट मशीननेच बनवायला हवं असेल तर याच सिरियल तारेवरून इंटरनेटची पॅकेट पाठवायची एसएलआयपी ही पद्धत चालते, आरएफसी १०५५ या १९८८ च्या दस्तऐवजातली. पॅकेट संपलं की १९२ हा बाइट पाठवायचा, इतकं साधं. टीसीपीचा आराखडा सप्टेंबर १९८१ चा आणि बीबीसी मायक्रो त्याच वर्षीच्या डिसेंबरचा. दोघं एका वयाचे आहेत. त्यांची भेट होऊच नये, असं का म्हणता?

मूळ संच

होऊ नये असं म्हटलं नव्हतं. मधे दुसऱ्याने बोलू नये, एवढंच. एसएलआयपी चाललं तर माझी हरकत नाही. चालवून दाखवा.

देवनागरी हट्टी

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ‘हरकत नाही’ ऐकलं.

मूळ संच

तुम्हाला उत्तर देत नाही.

बाई, तुम्हाला सांगतो. काल माझा मॉडेल बी सहा वर्षांनी बाहेर काढला. आधी पावर सप्लाय उघडून दोन्ही कपॅसिटर बदलले, मग सुरू केला. डबी लावलेली नाही, लावणारही नाही. गोदाकाठच्यांच्या तीन ओळी टाइप केल्या आणि ‘नाशिक’चे पंधरा बाइट डेटाच्या ओळीत टाकले. ४०, ६२, ५४, ६३, २१ हे आकडे बरोबर आले. अक्षरं मी माझ्या अंदाजाने काढली, न आणि क ठीक दिसतात. श फार वाईट आला आहे आणि वेलांटी अजून त्याच्या उजवीकडेच पडते. तुमच्या वहीतल्या श चे सोळा आकडे मिळतील का?

ओझरच्या बाई

वहीचं ते पान वाळवीने थोडं खाल्लंय, शेवटच्या दोन ओळी दिसत नाहीत. उरलेल्या चौदा ओळी उद्या दुपारी लिहिते. खालच्या दोन तुम्ही पाहून भरा. शेवटची ओळ बहुतेक रिकामीच होती.