अनुभव धागा: कामगार टिकत का नाही?

तापीकाठ
जळगाव एमआयडीसीत आज परत ‘ऑपरेटर पाहिजे’ची जुनीच पाटी दिसली, रंग तेवढा उडालाय. म्हणून धागा काढला. शेजारच्या शेडमध्ये पाचशेच जास्त मिळतात, तरी माणूस जातो. का? लिहा भो.

चटईवाला
प्लास्टिकचा दाणा वितळवून चटईची पट्टी काढणाऱ्या एक्स्ट्रूडर मशीनवरचा जुना माणूस गेला की आधी भंगार वाढतं. रीसायकल दाण्यात कचरा असतो, गाळायची जाळी तुंबते, प्रेशर चढतं, पट्टी तुटायला लागते. जुना प्रेशरचा काटा बघून जाळी बदलतो. नवा तापमान वाढवतो, माल जळून पिवळा पडतो. त्या भंगाराचे पैसे त्याच्या पगारातून कापले की तोही गेला. आधी दाणा बघा ना!

रावेरची ताई
कानबाई!! श्रावणातला आपला खानदेशी देवीचा सण. रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन. त्या दोन दिवसांत सुट्टी नाकारणाऱ्याने मशीन स्वतः चालवावं. मेंटेनन्स तेव्हाच लावा, प्रश्न मिटला. होळीआधी भोंगऱ्या बाजाराला पावरा आदिवासी मजूर जाणारच, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही तेच. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर खुणा करायला काय जातं?

भुसावळकर
कानबाईच्या नैवेद्याचे रोट आठवले की भूक लागते. गहू सव्वाच्या मापानेच ना ताई?

रावेरची ताई
हो, अन् गंगाफळाची भाजी. कुकरची शिट्टी झाली, येते.

हजेरीबुक
पगार ७ तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुप्पट दराने, हा कायदा आहे, मेहरबानी नाही. सोडून गेलेल्याची ‘नोकरी सोडल्याची तारीख’ पीएफ पोर्टलवर टाकत नाहीत, त्याचे पैसे अडकतात, चहाच्या टपरीवर बोभाटा होतो. नवीन माणूस येईल कसा? पाच वर्षं भरली की मिळणारी ग्रॅच्युइटीही तशीच. मूळ पगार अन् महागाई भत्ता मिळून १८,२०० असेल तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ वर्षं: ५२,५०० रुपये. ते वाचवायला चौथ्या वर्षी माणूस काढला की बाकीचे तिसऱ्याच वर्षी दुसरं बघतात.

भुसावळकर
शिफ्टचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकवा. उलटा फिरवला की झोपेचे हाल. अन् रात्रपाळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावू नका.

चटईवाला
नवीन पोरगा पहिल्याच आठवड्यात पळतो. त्याला शिकवणाऱ्या जुन्याला रोजचे थोडे जास्त द्या, नाहीतर तो शिकवतच नाही, नुसता हसतो.

तापीकाठ
मे महिन्यात शेडमधल्या पंख्याचं पण लिहा कोणी.

रावेरची ताई
पंखा गरम हवाच फेकतो भाऊ. छताला एक्झॉस्ट लावा. भाजी करपली माझी.