ठराव झाला, तरी विधवा प्रथा नेमकी कोणाच्या बळावर चालते?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. माझ्या सासरच्या गावानेही तसाच ठराव केलेला आहे. त्यानंतर काही महिन्यांनी माझे दीर हृदयविकाराने गेले. प्रेत अंगणात असतानाच नात्यातल्या दोन वयस्क विधवा पुढे आल्या, त्यांनी जाऊबाईंना खाली बसवले, हात जमिनीला टेकवून बांगड्या फोडल्या आणि ओल्या पदराने कुंकू पुसले. जोडवी बोटांत रुतून बसली होती, म्हणून कोणीतरी न्हाणीतून साबण आणला आणि फेस करून ती ओढून काढली. ठरावाच्या बाजूने हात वर केलेली निदान दहा-बारा माणसे तेव्हा तिथे उभी होती.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्यातल्या अनेकांशी एकेकट्याने बोलले. बांगड्या राहिल्या असत्या तर मृताच्या आत्म्याला त्रास झाला असता, असे एकानेही म्हटले नाही. प्रत्येकाचे उत्तर एकच होते, "आमचं काही नाही हो, पण लोक काय म्हणतील?" ज्यांना लोक म्हणायचे ते सगळे तर माझ्यासमोरच बसलेले होते. म्हणून विचारते, की श्रद्धाच उरलेली नसेल तर हा विधी कशाच्या आधारावर उभा आहे, आणि कायद्याने तो आधार काढून घेता येतो का?

जुनेपुणे

ताई, श्रद्धा आधी आणि तिच्यातून बंधन, असा क्रम आपण गृहीत धरतो, पण आपला स्वतःचा इतिहास तसे सांगत नाही. पुण्यातले पंचहौद मिशनचे चहा प्रकरण आठवून पाहा. १८९० साली मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला, पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. मिशनऱ्याच्या हातचा चहा प्यायल्याने आपण पतित झालो, असे रानड्यांना वाटत असेल हे अजिबात संभवत नाही. तरीही त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, कारण ग्रामण्याचा, म्हणजे जातीने घातलेल्या बहिष्काराचा, मार बसत होता तो घरच्या श्राद्धाला भटजी न मिळण्यात, पंगतीला पान न मांडले जाण्यात आणि सोबतच्या मंडळींच्या लेकीबाळींची लग्ने अडण्यात. न्यायाधीशाच्या पदावरच्या माणसालाही जी कोंडी सोसवली नाही, ती तुमच्या जाऊबाईंनी किंवा त्यांच्या भावाने त्या अंगणात एकट्याने सोसावी अशी अपेक्षा आपण करू शकत नाही.

कायद्याविषयीही तेच. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती १८५६ मध्ये. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला तो १८९३ मध्ये, म्हणजे कायदा होऊन ३७ वर्षे उलटल्यावर, आणि तरीही मुरुडच्या त्यांच्या गाववाल्यांनी त्यांना वाळीत टाकले. कायद्याने विवाह वैध ठरवला होता, पण त्यांच्या पंगतीला कोण बसणार हे ठरवण्याचा अधिकार गावाने स्वतःकडेच ठेवला होता. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच अधिकारात आहे. श्रद्धा विरली तरी हा अधिकार विरत नाही, कारण तो श्रद्धेवर नव्हे तर परस्परांच्या गरजेवर उभा असतो.

खाडीपलीकडे

वरच्या प्रतिसादातले उदाहरण जुने असले तरी वाळीत टाकणे हा प्रकार जुना झालेला नाही. आमच्या कोकणात गावकीने एखाद्या घराशी संबंध तोडले की त्या घरी कोणी मयताला जात नाही, लग्नाला जात नाही, दुकानदार माल देताना इकडेतिकडे पाहतो, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी इतर सर्व घरी जाते पण त्या दारात येत नाही. ही शेवटची गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. शिमग्यासाठी मुंबईहून आलेला कर्ता मुलगा अंगण सारवून, रांगोळी घालून, यजमान म्हणून उभा असताना ढोलाचा आवाज शेजारच्या घरावरून पुढे निघून जातो, तेव्हा त्या घराची गावातली जागा अख्ख्या गावासमोर काढून घेतलेली असते. देवीचा कोप होईल अशी भीती त्या कुटुंबाला असेलही किंवा नसेलही. दंडाची रक्कम घेऊन ते गावकीपुढे जाते ते या अपमानामुळे.

अशा प्रकारांसाठीच महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर तो २०१७ मध्ये लागू झाला. जातपंचायती आणि गावकी यांच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी केलेला पाठपुरावा त्यामागे होता. कायद्यात ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा असेही त्यात म्हटले आहे. एखाद्याला सामाजिक किंवा धार्मिक कार्यात सहभागी होण्यापासून अडवणे हेही त्यात बहिष्कारच मानले आहे. कौमार्य परीक्षेसारख्या घृणास्पद प्रथेविरुद्ध कंजारभाट समाजातली तरुण मुले-मुली उभी राहिली, तेव्हा निदान तक्रार कोणत्या कायद्याखाली करायची हे त्यांना सांगता येत होते, आणि ही गोष्ट मला लहान वाटत नाही. परंतु कायद्याला आरोपी लागतो. गावकीची बैठक झाली, दंड ठरला, निरोप गेला, तर आरोपी सापडतो. तुम्ही वर्णन केलेल्या अंगणात बैठक झाली नाही आणि कोणी कोणाला हुकूमही दिला नाही.

सुईदोरा

मला त्या दोन वयस्क बायकांविषयी लिहायचे आहे, कारण अशा चर्चेत सगळा राग शेवटी त्यांच्यावर निघतो.

त्यांचे नवरे गेले तेव्हापासून त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावलेले नाही. लग्नघरी घाणा भरायला मुसळाला हात लावायचा तो सवाष्णींनी, जात्यावर हळद दळायची तीही त्यांनीच, ओटी भरायची तीही त्यांनीच. पोटच्या मुलीच्या लग्नात कन्यादानाला दीर-जाऊ बसतात आणि जन्मदाती आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून अक्षता टाकते, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. अशा बाईला सगळा गाव वाट करून देतो, "मावशी, तुम्हीच पुढे व्हा" असे म्हणतो, ते एकाच प्रसंगी, दुसऱ्या बाईचे कुंकू पुसायचे असते तेव्हा. एरवी तिच्या हाताला काही किंमत नसते आणि त्या क्षणी तिच्या हातावाचून सगळे अडते. प्रथेने किती पक्की व्यवस्था केली आहे पाहा. जिला तिने सर्वांत जास्त दुखावले, तिच्याच हातात तिने हे काम दिले, म्हणजे घरच्या पुरुषांनी ओट्यावर मान खाली घालून बसावे आणि आपण यात कुठेच नव्हतो असे समजावे.

म्हणूनच मला बांगड्या फोडण्यापेक्षा नंतरच्या शांततेची अधिक धास्ती वाटते. संक्रांतीला शेजारीण गल्लीतल्या घरोघरी कुंकवाचा करंडा आणि वाण घेऊन जाते आणि एका दारावरून पुढे जाते. ती बंदी घालत नाही, अपशब्द वापरत नाही, उलट त्या घरी दुसऱ्या दिवशी आपुलकीने तिळगूळ पाठवते. न आलेल्या बोलावण्याची तक्रार कोणत्या ठाण्यात नोंदवायची?

माणदेशी

सुईदोरा यांचे म्हणणे मला मनापासून पटले, पण एक बाजू निसटते आहे. दीर गेले त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटली नसेल, तेव्हा भाकरी-पिठले कोणी आणले? सरपण कोणी रचले, तिरडी कोणी बांधली, रात्री सोबतीला कोण थांबले? तीच माणसे होती. दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवावा म्हणून तास-दीड तास गप्प बसून राहणारी माणसेही तीच असतात, आणि त्या बसण्यातून घरच्यांना जो धीर मिळतो तो खोटा नसतो. म्हणून सगळे विधी नियंत्रणाचेच, असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. ज्या घराला उद्या याच शेजाऱ्यांची गरज पडणार आहे ते घर त्यांच्यासमोर आज "नको" म्हणत नाही, इतके हे साधे आणि इतकेच अवघड आहे. ज्याला पगार, विमा आणि शहरात फ्लॅट आहे तो सहज "नको" म्हणतो आणि त्याला आपण पुरोगामी म्हणतो. तीन एकर कोरडवाहू आणि सामाईक विहीर असणाऱ्याला तेच म्हणायला दसपट धैर्य लागते.

यावरून मला सुचते ते असे, की "नको" हा शब्द अंगणात प्रथम उच्चारण्याची जबाबदारी शोकात असलेल्या घरावर टाकूच नये. हेरवाडच्या आधी करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याने, आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर या प्रथा लादू नयेत असे प्रतिज्ञापत्र केले होते. त्यातले मर्म मला असे दिसते, की तिथे बोलणारा स्वतः मृत माणूस असतो आणि त्याच्या इच्छेविरुद्ध जाणे भाऊबंदांना जड जाते. ठरावाचेही तसेच करता येईल. मयताचा निरोप गावात फिरतो त्याच वेळी सरपंच, पोलीस पाटील किंवा बचत गटाच्या दोन बायका त्या घरी पोहोचल्या आणि "गावाचा ठराव आहे, इथे हे होणार नाही" असे त्यांनी मोठ्याने सांगितले, तर घरच्यांना एकही शब्द बोलावा लागत नाही.

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. सुईदोराताई, त्या दोघी मावशींवर मी आजवर रागावले होते, आणि तुमचे वाचल्यावर त्यांच्याशी बोलायला हवे असे वाटू लागले आहे. येत्या वैशाखात पुतणीचे लग्न आहे. घाणा भरताना जाऊबाईंनी मुसळ धरावे आणि कन्यादानालाही त्यांनीच बसावे, असे आम्ही घरात ठरवले आहे, पण जाऊबाईच नको म्हणतात, लेकीच्या संसाराला काही झाले तर मलाच बोल लागेल असे त्यांना वाटते. माणदेशी यांनी सुचवल्याप्रमाणे हे आमच्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी सर्वांसमोर बोलायला हवे. नवऱ्या मुलाच्या आजी स्वतः विधवा आहेत आणि त्यांचा शब्द त्यांच्या घरात चालतो. याद्या करायला ते लोक येतील त्या दिवशी आजींनाही आवर्जून घेऊन या, असा निरोप मी आज धाडते आहे. हळदीच्या जात्याला पहिला हात आजींनी लावायचा आणि दुसरा जाऊबाईंनी, असे मी त्यांना विचारणार आहे. कोणाच्या घरी असे झाले असेल तर समोरच्यांशी हा विषय कोणी व कसा काढला, ते कृपया सविस्तर लिहावे.