तापली की बंद, निवली की चालू : जुन्या गाडीच्या स्टार्टिंगचे तुमचे अनुभव सांगा

मंगळवार पेठेतून, धागा मांडणारा

वडिलांची 1986 ची चेतक स्कूटर आमच्या बोळात उभी असते. पॉईंटची गाडी, म्हणजे ठिणगीची वेळ उघडझाप करणाऱ्या दोन धातूच्या टोकांवर चालते. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून दर रविवारी मी ती बाहेर काढतो. गेल्या दिवाळीआधी तिला नवा रंग दिला, टाकी उतरवून आतून धुतली, बाहेरून रंगवली, बिल्ल्यापासून बारक्या नटापर्यंत सगळं चकाचक करून घेतलं. सकाळी दुसऱ्या किकला चालू होते. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो की मस्त पळते. पण केर्लीच्या आसपास आली की दम कोंडल्यासारखी होते, दोन-तीनदा हिसके देते आणि बंद. मग कितीही किका मारा. दहा-पंधरा मिनिटं झाडाखाली उभं राहिलं की पहिल्यासारखी चालू.

तीन गॅरेजं झाली. पहिल्यानं प्लग बदलला, दुसऱ्यानं कंडेन्सर (पॉईंट जळू न देणारा छोटा डबा), तिसऱ्यानं कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). तिघांनीही सांगितलं, ‘तापल्यावर करंट जातोय,’ म्हणजे प्लगला ठिणगी मिळत नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण पॉईंटची गाडी कानानं ओळखणारे मिस्त्री आता कोल्हापुरात शोधावे लागतात, आणि त्यांच्याजवळ जे आहे ते कुठं लिहून ठेवलेलं नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

म्हणून हा धागा. दुचाकी, चारचाकी, जीप, काहीही चालेल. लक्षण काय होतं, आधी काय वाटलं आणि शेवटी काय निघालं ते लिहा. ‘मिस्त्रीनं दुरुस्त करून दिली’ एवढ्यावर सोडू नका, त्यानं हात कुठं घातला ते सांगा.

उद्यमनगर, निवृत्त मिस्त्री (नातीकडून टाईप करून घेतलंय)

मी 1974 पासून गाड्यांवर काम केलं. आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून थांबलो. माझे वस्ताद गाडीला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच विचारायचे, ‘पडली कशी? खटकन पडली का रडत रडत पडली?’ बटण दाबल्यासारखी खटकन बंद झाली तर आधी करंट बघायचा. अडखळत, हिसके देत, दम खात बंद झाली तर आधी पेट्रोल. शंभरात शंभर वेळा खरं ठरत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. आता तुमचंच वाचा. तुम्ही स्वतः लिहिलंय, दम कोंडल्यासारखी होते. मग तिघंही करंटच्या मागं का लागले?

बंद पडल्या जागी प्लग काढायचा. घरी ढकलत आणून, चहा पिऊन मग काढलेल्या प्लगावरून काही कळत नाही. टोक पेट्रोलनं ओलं असलं तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. कोरडं ठणठणीत असलं तर पेट्रोल पोचतच नाही. काळं, चिकट असलं तर ऑईल जास्त झालंय. टू-स्ट्रोकला लिटरमागं 20 मिली ऑईल, म्हणजे दोन टक्के. मायेपोटी लोक त्यात आणखी दोन झाकणं घालतात आणि प्लग कार्बननं भरून जातो. चांगल्या चाललेल्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो.

करंट बघताना प्लग टोपीत घालून त्याची लोखंडी बाजू हेडला टेकवायची आणि किक मारायची. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते, भडका उडतो. ठिणगी निळी आणि चट् आवाजाची पाहिजे. पिवळी, मरतुकडी ठिणगी उघड्यावर दिसते, पण आत दाबाखाली विझते. ‘करंट आहे की’ असं म्हणून तिथंच बरेच जण फसतात.

पॉईंटला पॉलिश पेपर मारू नका. त्याचे कण पॉईंटवर रुतून बसतात. बारीक कानस हलक्या हातानं फिरवायची, मग कोरा कागद पॉईंटमध्ये धरून ओढून काढायचा. कागदावर काळं येईनासं झालं की बास. गॅप साधारण 0.4 मिमी. आणि पॉईंटच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला दिसला तर पॉईंट बदलायच्या आधी कंडेन्सरकडं बघा. नुसता पॉईंट बदलला तर महिन्यात परत तेच होतं.

एक प्रसंग सांगतो. एकजण स्कूटर ढकलत आला. किक मारली की पायावर उलटी यायची, सायलेन्सरमधून फाटकन आवाज. त्यानं प्लग तीनदा बदलला होता. मी मॅग्नेट, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवर फिरून ठिणगीसाठी वीज तयार करणारं चाक, उघडला. आतली अर्धचंद्री चावी कातरली होती, नखाएवढा लोखंडाचा तुकडा. मॅग्नेट शाफ्टवर अंगुळभर सरकला, सगळं टायमिंग गेलं. करंट होता, पेट्रोल होतं, फक्त वेळ चुकत होती.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

ऑगस्ट 2019 च्या पुरात आमची पेट्रोल कार चार दिवस सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरलं त्या संध्याकाळी शेजारचे काका कळवळ्यानं म्हणाले, ‘एकदा सेल्फ मारून तर बघ.’ किल्ली माझ्या हातात होती. तेवढ्यात मामांचा फोन आला. ते ट्रक चालवायचे. म्हणाले, ‘आधी बॅटरीची वायर काढ आणि चारी प्लग बाहेर घे. तोवर किल्लीला हात लावशील तर बघ.’

प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं तेव्हा दोन सिलिंडरांतून ओंजळभर गढूळ पाणी उडालं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. डिपस्टिकवर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. ते दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी इंजिन थोडा वेळ चालवून लगेच.

एवढं करूनही गाडी धरेना. मग डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाची, टोपी काढली. गाळ धुतला होता, उन्हात वाळवलीही होती. मामांनी ती उजेडात तिरकी धरून दाखवली. आतल्या बाजूला दोन खुंट्यांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ होती. ओलीतून ठिणगी पळून प्लॅस्टिक जळलं की तिथं कार्बनची वाट तयार होते आणि पुढं करंट त्याच वाटेनं जातो. पुसून ती जात नाही, टोपीच बदलावी लागते. नवी टोपी बसवली आणि अकराव्या दिवशी गाडी चालू झाली. आई दारात उभी राहून रडली, कारण त्या पुरात घरातलं बाकी काहीच वाचलं नव्हतं.

2021 च्या जुलैत पाणी चढतंय म्हटल्यावर पहिल्याच रात्री गाडी टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन लावली.

राजारामपुरी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

आमच्या जुन्या छोट्या कारचा सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. दिवे झकास लागायचे. दुकानदार म्हणाला बॅटरी गेली. नवी बसवली, तरी ‘टक्’. मग कॉलेजमधून मल्टिमीटर आणला. इंजिन बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. भावाला सेल्फ मारायला लावला. बॅटरीच्या दोन टोकांवर आकडा 12 च्या खाली येईना. सेल्फ खरंच ओढत असता तर तो दहा-साडेदहापर्यंत उतरला असता. म्हणजे पुरेसा करंट बॅटरीतून निघतच नव्हता.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला धरली आणि परत सेल्फ मारला. चार व्होल्ट! तिथं अर्ध्या व्होल्टाच्याही आत यायला पाहिजे. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची विणलेली पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती. वरून चांगली दिसत होती, बोल्ट काढल्यावर पूड हातात आली. घासून घट्ट केली, पहिल्या सेल्फला चालू. जुनी बॅटरीही चांगलीच होती, ती आता घराच्या इन्व्हर्टरला आहे.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. फिरला तर अर्थ खराब आहे.

गगनबावडा रस्ता, वडापची जीप

आमचं डिझेल, त्यात ठिणगीच्या प्लगची भानगड नाही. थंडीत किंवा पावसाळ्यात सकाळी पांढरा धूर येऊन धरत नसेल तर हीटर प्लग बघा, तो चालू करताना आतली हवा तापवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी धरत नाही आणि हातपंप मारल्यावर धरते, असं असेल तर डिझेलच्या नळीत हवा शिरते. माझ्या गाडीत फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वायसर निघाला. गळत नव्हता, फक्त हवा घेत होता, म्हणून दोन महिने कुणालाच दिसला नाही.

कागलजवळून, शिक्षिका

माझी जुनी मोपेड पावसाळा लागला की शाळेच्या दारात बंद पडायची. प्लग पुसला की चालू. एकदा संध्याकाळी शेडमध्ये अंधारात किक मारली तर प्लगच्या वायरीवर निळ्या मुंग्या पळाल्यासारख्या दिसल्या. टोपीचं रबर तडकलं होतं आणि करंट बाहेरूनच इंजिनवर उतरत होता. दिवसा कधी दिसलं नसतं. पावसात त्रास देणारी गाडी असेल तर रात्री दिवा मालवून एकदा बघाच.

आणि चेतकवाल्या दादांसाठी. आमच्या मळ्यात जुनं ऑईल इंजिन आहे. एका उन्हाळ्यात ते अर्धा तास पाणी ओढायचं आणि गुदमरून बंद व्हायचं. थोड्या वेळानं परत सुरू. सासऱ्यांनी पंप, नळी, फिल्टर सगळं खोललं. शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर आत ‘सूंऽ’ करून हवा गेली. झाकणाच्या बारक्या भोकात कुंभारीण माशीनं चिखल भरला होता. डिझेल खाली जाताना वरून हवा यायला नको का? हवा नाही म्हटल्यावर ते थांबतंच. दादा, टाकी रंगवली असं तुम्ही लिहिलंय. झाकणही रंगवलंय का?

मंगळवार पेठेतून, धागा मांडणारा

ताई, तुमचं वाचून मी तसाच खाली बोळात गेलो. झाकणही रंगवलंय. भोक कुठं असतं तेच आठवेना, इतकं ते रंगाखाली गेलंय. पण रविवारपर्यंत थांबतो. मिस्त्रीकाका म्हणतात तसं बंद पडल्या जागीच बघायचं.

शुक्रवार पेठेतून

रविवारपर्यंत पेट्रोलचंही बघून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, ते आपल्याच उसाचं असलं तरी महिनोन्महिने उभ्या गाडीला सोसत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की ते मिश्रण टाकीच्या तळाशी बसतं. नळ तिथूनच घेतो. माझ्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पाण्याचे मणी फिरत होते. चार महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर मी टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करतो. जुन्या गाडीच्या नळ्याही नव्या घातल्या, आधीच्या फुगून मऊ झाल्या होत्या.

मंगळवार पेठेतून, धागा मांडणारा

आज रविवार. मुद्दाम झाकणाला हात न लावता निघालो. प्लगपाना, जुनं फडकं आणि शिलाईची सुई खिशात. केर्ली यायच्या थोडं आधी गाडी दम कोंडायला लागली. हिसके दिले, बंद. रस्त्याच्या कडेला घेऊन आधी प्लग काढला. कोरडा, आणि टोक चहाच्या रंगाचं. हेडला टेकवून किक मारली, निळी ठिणगी, चट् आवाज. मिस्त्रीकाका, तो आवाज मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला.

मग सीट उचलून टाकीचं झाकण सैल केलं. ‘सूंऽऽ’. एवढा मोठा आवाज आला की शेजारी उसाचा रस पीत असलेला पोरगा वळून बघायला लागला. झाकण परत लावलं, तिसऱ्या किकला गाडी चालू. बंद करून झाकण उलटं धरलं, आतून सुईनं टोचत टोचत रंगाचा पापुद्रा काढला. राईएवढा निळा तुकडा सुईच्या टोकावर आला.

तिथून वाघबीळ, पुढं घाट, थेट पन्हाळ्याच्या तीन दरवाजापर्यंत कुठंही न थांबता पोचलो. वडील तिथं गाडी लावायचे त्याच भिंतीच्या सावलीला लावली. काढून ठेवलेली जुनी कॉईल आणि जुना कंडेन्सर माझ्याकडं आहेत, दोन्ही चांगले. कुणाच्या पॉईंटच्या स्कूटरला लागत असतील तर सांगा, घेऊन जा.